करंगळीखालचं बटण

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे कुणी आनंदात येत नाही. आनंदात असतो तेव्हा माणूस रेडिओ ऐकत घरी बसलेला असतो. माझ्या दुकानाची पायरी चढणारा एक तर चिडलेला असायचा, नाही तर भ्यालेला, आणि त्याच्या काखेत जुन्या लुगड्यात बांधलेलं धूड असायचं. यवतमाळात मी छप्पन साली दुकान टाकलं आणि पुढची तीस वर्षं ही गाठोडी सोडत बसलो. आमच्या घरात वडील कचेरीत, आजोबा कचेरीत. लेखणीखेरीज हत्यार कुणी हातात धरलेलं नाही. मी पक्कड धरली म्हणून वडील सहा महिने माझ्याशी बोलले नव्हते. पुढे त्यांचाच रेडिओ बंद पडला तेव्हा बोलले.

आमच्या गल्लीत एक निवृत्त शिरस्तेदार राहत. त्यांच्याकडे लाकडी पेटीचा मोठा रेडिओ होता. त्याचं टोनचं बटण त्यांनी आवाज अगदी जाड येईल असं फिरवून ठेवलं होतं, आणि ते कुणाला हलवता येऊ नये म्हणून त्यावर लाखेचा थेंब टाकून द्या, असा त्यांचा हट्ट होता.

"सूनबाई गाण्यासाठी फिरवतात," ते म्हणाले. "बातम्या कशा भारदस्त आल्या पाहिजेत. पाणी तुंबल्याची बातमीसुद्धा."

मी लाख टाकून दिली. आठ दिवसांनी सूनबाई स्वतः आल्या आणि लाख कशानं निघते ते हळूच विचारून गेल्या. मी तेही सांगितलं. गिऱ्हाईक दोघंही होती.

हे टोनचं बटण म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. कुठल्याही आवाजात जाड भाग असतो आणि बारीक, टोकदार भाग असतो. बटणामागे कंडेन्सर नावाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा बसवलेला असतो. तो बारीक आवाजाला पळवाट दाखवतो. बारीक आवाज त्या वाटेनं निघून जातो, जाड तेवढा मागे उरतो. बटण म्हणजे त्या वाटेवरचं फाटक. उघडलं की आवाज जाड होतो, लावून घेतलं की टोकदार. एवढंच. पण त्या काळात आमच्या गावात जाड आवाज म्हणजे खानदानी आवाज अशी सर्वांची ठाम समजूत होती. माझीही होती. दुकानात आलेला प्रत्येक रेडिओ मी परत देताना टोन जाडाकडे फिरवूनच देत असे आणि गिऱ्हाईक म्हणे, वा, काय सुधारलाय!

साठ साल उलटून गेल्यावर एका पावसाळी दुपारी गणपत दुकानात आला. दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरचा, गोर बंजारा समाजाचा, पंचविशीतला उंच पोरगा. त्याच्या काखेत रेडिओ नव्हता. सतरंजीत गुंडाळलेली सागवानाची हातभर लांब फळी होती आणि तिच्यावर सहा तारा ताणलेल्या होत्या.

"हे इजेवरचं गिटार हाये जी," तो म्हणाला. "मांडीवर ठेवून वाजवतात."

गणपतच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं नव्हती. यवतमाळच्याच एका सरकी काढायच्या जिनात कामाला असताना, कापूस सरकवताना यंत्रानं ती नेली होती. त्याआधी तो तांड्यावर नगारा वाजवायचा, आणि त्याचा नगारा ऐकायला शेजारच्या तांड्यांवरून माणसं यायची. बोटं गेल्यावर डाव्या हातात टिपरी टिकेना. नागपूरच्या दवाखान्यात त्याच्या शेजारच्या खाटेवर एक बँडवाला होता. त्यानं सांगितलं, असं एक वाद्य आहे ज्याला डाव्या हाताची बोटं मोजून लागत नाहीत, लोखंडाची कांडी तारेवर धरून सरकवता आली की झालं. गणपत बरा होऊन घरी आला तो हे वाक्य घेऊनच. केळापूरकडच्या एका सुताराकडून त्यानं सागवानाची फळी घडवून घेतली, बाकीचा माल त्या बँडवाल्याकरवी नागपुराहून मागवला आणि दोन वर्षं एकट्यानं हात बसवला, तांड्यावर नुसत्या तारांवर आणि कधीमधी नागपुरात त्या बँडवाल्याच्या यंत्रावर.

तारांखाली एक लोहचुंबक होता आणि त्याच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर तार हलली की त्या वेढ्यांत वीज थरथरते. ती इतकी नाजूक असते की यंत्रातून मोठी केल्याशिवाय ऐकू येत नाही. मी गिटारची वायर दुकानातल्या मोठ्या रेडिओला मागून जोडली. गणपतनं मांडी घातली, कांडी टेकवली आणि एक तार छेडली. आवाज आला तो थेट दातांत गेला.

"बोचून राह्यला ना?" गणपत म्हणाला. "कधी बोचलाच पाह्यजे भाऊ, कधी नाही बोचला पाह्यजे. म्हणून तुमच्याकडे आलो. एक टोनचं बटण बसवून द्या ना. इथी, माह्या उजव्या हाताच्या करंगळीखाली. वाजवता वाजवता फिरवता आलं पाह्यजे."

"वाजवता वाजवता कायले फिरवतोस?"

तो थोडा लाजला. मग म्हणाला, "माही याडी ढावलो म्हणते." याडी म्हणजे आई, आणि ढावलो म्हणजे लग्न झालेली पोरगी तांडा सोडून निघताना बायांच्या गळ्यात पडून सूर धरून रडते ते गाणं. "ढावलोत तोंड आधी मिटलेलं असते. मग हळूहळू उघडते, अन् पुन्हा मिटते. गाणं त्या मिटण्या-उघडण्यात हाये. तारेले ते करता आलं पाह्यजे."

आता सांगायला लाज वाटते, पण मी ते ऐकलं आणि कानाआड केलं. बटण म्हणजे बिघाडाला आवतण, हा आमच्या धंद्यातला जुना सिद्धांत. कार्बन झिजतो, खरखर सुरू होते आणि शिव्या मेकॅनिकला पडतात. मी मनाशी ठरवलं, या पोराला चांगला आवाज हवा आहे आणि चांगला म्हणजे जाड. फळीच्या पाठीला पटाशीनं खाच पाडली, माझ्याकडचा बऱ्यापैकी मोठा कंडेन्सर आत कायमचा जोडला आणि वरून पत्रा ठोकला. बटण नाही, फाटक नाही, पळवाट सताड उघडी.

रेडिओवर लावून पाहिलं. आवाज असा भारदस्त आला की शिरस्तेदारांनी लाखेचा थेंब टाकायला सांगितलं असतं.

गणपत बराच वेळ वाजवत राहिला. मग म्हणाला, "गोड हाये जी. पण याडी नाही."

"तुला ऑर्केस्ट्रात जायचंय की याडीकडे?" मी म्हणालो. तो हसला आणि फळी सतरंजीत गुंडाळून घेऊन गेला.

ऑर्केस्ट्रात त्याला जायचंच होतं. आमच्या भागात वसंतराव मास्तरांचा ऑर्केस्ट्रा नावाजलेला होता. मास्तर शाळेत गणित शिकवत आणि सुट्टीत ॲकॉर्डियन वाजवत. दोन्हीकडे चूक झाली की त्यांची नजर सारखीच असे. त्यांना गिटारवाला हवा होता. बाभुळगावच्या गणपतीत ते गणपतला दोन गाण्यांत बसवून पाहणार होते. पसंत पडला तर कायमचा घेणार. नाही तर दसऱ्यानंतर कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनात गठाणी ओढायला परत जायचं, असं त्याच्या घरी ठरलं होतं. तो एकदा मला म्हणाला होता, "तांड्यावर मले आता बोटतुट्या म्हणतात भाऊ. मले वाजवणारा म्हणाले पाह्यजे, पहिल्यासारखं." त्याचं सगळं या दोन गाण्यांवर होतं, आणि ते मला माहीत होतं.

बाभुळगावचा कार्यक्रम संध्याकाळी पाचला, शाळेच्या पटांगणात होता. लाउडस्पीकर करीमभाईचा. करीमभाई हा आमच्या जिल्ह्यातल्या यच्चयावत लग्नांचा आणि सभांचा आवाज होता. त्यानं कडुनिंबावर दोन मोठे पत्र्याचे भोंगे बांधले होते. गिटारची वायर मीच त्याच्या यंत्रात खोवली. पहिलं गाणं सुरू झालं. ॲकॉर्डियन आलं, व्हायोलिन आलं, गाणारी मुलगी आली. मग गिटारची जागा आली, गणपतचा हात कांडीसकट सरकला आणि भोंग्यातून काहीच आलं नाही. कुणीतरी वाकळेत तोंड खुपसून बोलावं तसं काहीतरी घुमलं तेवढंच. करीमभाईनं आवाज वाढवला तशी शिट्टी वाजायला लागली. पुढच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "त्याले बोटंच नाही, वाजवीन कायनं?" आणि पटांगण हसलं.

मास्तरांनी दुसरं गाणं गिटारशिवाय घेतलं. गाणं संपल्यावर ते मंडपामागे आले. मी तिथंच उभा होतो, गणपतही. मास्तरांनी मला विचारलं, "तुम्ही यंत्रातले जाणकार. दोष यंत्रात आहे की हातात?"

खरं तर मला काहीच कळलं नव्हतं. ते तरी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "यंत्र मी स्वतः तपासलंय. दुकानात उत्तम वाजत होतं."

दोन्ही वाक्यं शब्दशः खरी होती, आणि दोन्ही मिळून धडधडीत खोटं होतं. मास्तरांची नजर गणपतच्या डाव्या हातावर गेली. "समजलं," ते म्हणाले आणि निघून गेले. गणपतनं खांद्यावरच्या पंच्यानं तारा पुसल्या, फळी गुंडाळली आणि मला रामराम करून एस्टीच्या थांब्याकडे चालायला लागला. मी त्याला हाक मारली नाही.

त्यानंतर मी पाच-सहा दिवस गिऱ्हाइकांवर खेकसत होतो. मग एका सकाळी करीमभाई त्याच्या यंत्राचा व्हॉल्व्ह बदलायला आला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "करीमभाई, त्या दिवशी गिटारचं काय झालं?"

"होना क्या है," तो तंबाखू मळत म्हणाला. "भोंग्याले जाड आवाज पचतच नाही ना भाऊ. त्याचा गळा पत्र्याचा. बारीक आवाज गावभर फेकते, अन् जाड आवाज गिळून टाकते. तुम्ही माह्या भोंग्यातून तबल्याचा डग्गा कधी ऐकला का?"

मी हातातलं काम खाली ठेवलं. बावीस लग्नांची तरी जेवणं मी करीमभाईच्या भोंग्याखाली जेवलो असेन. डग्गा कधीच ऐकला नव्हता. भोंग्यातला तबला म्हणजे नुसती टिकटिक. मी गिटारमधला सगळा बारीक आवाज काढून घेतला होता, आणि उरलेला जाड आवाज भोंग्यानं गिळला होता. दुकानातल्या लाकडी पेटीपुढे बसून मी निवाडा केला, आणि ते वाद्य वाजणार होतं कडुनिंबावर. पुन्हा, करीमभाईच्या यंत्रावरची बटणं करीमभाईच्या हातात. वाजवणाऱ्याच्या हातात काय राहिलं? काही नाही. म्हणूनच तो ते बटण गिटारवर मागत होता. माझ्यापेक्षा त्या पोराला माझा धंदा जास्त कळला होता.

करीमभाई गेल्यावर मी दुकानाला कुलूप लावलं. एका डब्यात तीन वेगवेगळे कंडेन्सर, भंगार रेडिओतलं एक चांगलं बटण, पटाशी, करवत, चुलीत तापवायचा सोल्डरिंगचा ठोकळा आणि कानाला लावायचा जुना हेडफोन घेतला. एस्टीनं दारव्हा, आणि तिथून तीन मैल चिखलातून चालत तांडा. वडिलांनी पाहिलं असतं तर आणखी सहा महिने बोलले नसते.

गणपत दारातच बसला होता. मी आलेला पाहून तो उठला आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. मी म्हणालो, "जरा सुधारणा करायची आहे." चूक झाली, हे चार अक्षरांचं वाक्य मी यवतमाळपासून तोंडात घोळवत आणलं होतं. ते दारातच अडलं.

तांड्यावर वीज नव्हती. त्याच्या याडीच्या चुलीत मी ठोकळा लालसर तापवला. पत्रा उपटला, मोठा कंडेन्सर काढून टाकला. उजवी करंगळी कुठं पोचते ते गणपतच्या हातानं मोजून तिथं भोक पाडलं, बटणाचा दांडा करवतीनं कापून बुटका केला. आता प्रश्न राहिला, तिन्हींतला कोणता कंडेन्सर? ऐकायला ना भोंगा, ना यंत्र. मी हेडफोन सरळ गिटारला जोडला. आवाज क्षीणच, पण कानाला घट्ट धरला की कळत होता.

हेडफोन मी माझ्या कानाला लावणार होतो. मग मला बाभुळगाव आठवलं. माझ्या कानांचा निवाडा एकदा होऊन गेला होता. मी तो गणपतच्या याडीकडे दिला. हातभर चुडा, डोक्यावर आरशांची ओढणी, चेहरा उन्हानं रापलेला. तिनं ओढणी सरकवून हेडफोन कानाला लावला आणि चुलीपाशी डोळे मिटून बसली. गणपतनं ढावलोचा सूर धरला आणि करंगळीनं बटण फिरवत गेला. पहिल्या कंडेन्सरला तिनं मान हलवली, नाही. दुसऱ्याला ती थोडी थांबली आणि पुन्हा नाही. तिसरा सगळ्यांत लहान होता, मी केवळ जास्तीचा म्हणून आणलेला. मी तो जोडला. गणपतनं सूर धरला. तिनं डोळे उघडले नाहीत. नुसतं "हाव" म्हणाली, आणि हेडफोन काही परत देईना.

दसऱ्याच्या सुमारास मास्तरांचा कार्यक्रम दारव्ह्याला होता. आठवडी बाजाराचा दिवस. मी गणपतला घेऊन दुपारीच पोचलो. करीमभाई बाजाराच्या कडेला भोंगे चढवत होता, वाजवणारे वाद्यं काढत होते. आम्हाला पाहून मास्तरांच्या कपाळाला आठी पडली.

"एकदा पाहिलं ना," ते म्हणाले. "पोरगा चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण मी दया करायला ऑर्केस्ट्रा काढलेला नाही. हाताला जे जमत नाही ते जमत नाही."

गणपत खाली पाहत होता. मास्तर वळले. आता नाही तर कधीच नाही, हे मला कळलं.

"मास्तर," मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला मोठा वाटला. करीमभाई शिडीवर थांबला, तबलजीचा हातोडा थांबला. "बाभुळगावला याच्या हातात दोष नव्हता. दोष माझा होता. यानं बटण मागितलं होतं, मी ते न देता आवाज आतच दाबून टाकला. भोंग्यातून तो येणंच शक्य नव्हतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी याच्या हातावर ढकललं."

"तेव्हा का नाही बोललात?"

"लाज वाटली. दुकानाचं नाव जाईल असं वाटलं."

मास्तरांनी माझ्याकडे, गणितात नापास झालेल्या पोराकडे पाहावं तसं, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "तबला लागेपर्यंत वेळ आहे. बस, वाजव."

गणपतनं मांडी घातली. आधी त्यानं मास्तरांच्या कार्यक्रमातलं एक गाणं वाजवलं, बटण टोकदार बाजूला ठेवून. सूर भोंग्यातून असा लख्ख निघाला की करीमभाई शिडीवरूनच ओरडला, "आता झालं ना!" गणपत थांबला, करंगळीनं बटण फिरवून आवाज मिटून घेतला, आणि ढावलो सुरू केला. तार आधी ओठांत रडली. मग करंगळी हलली आणि तिचं तोंड उघडलं. मी तो कंडेन्सर स्वतः जोडला होता, आत काय आहे ते मला माहीत होतं, तरी अंगावर काटा आला. बाजारात मिरच्या-धण्यांपाशी बसलेल्या तांड्यावरच्या दोन-चार बाया उठून उभ्या राहिल्या. कोण रडतंय ते त्या शोधत होत्या. सूर पुन्हा फिरून आला तेव्हा त्यांतल्या एकीनं भर बाजारात, हातात तागडी तशीच, पुढची ओळ उचलली.

मास्तरांनी ती ओळ पुरी होऊ दिली. मग म्हणाले, "रविवारपासून तालमीला ये. आणि ते बटण कुणाला हात लावू देऊ नकोस. मलासुद्धा."

त्यानंतर गणपतनं मास्तरांकडे अकरा वर्षं वाजवलं. मी पुढे आणखी सात गिटारांत बटणं बसवली, आणि वाजवणाऱ्याची करंगळी मोजल्याशिवाय एकाही फळीला भोक पाडलं नाही.

दारव्ह्याच्या त्या दिवशी कार्यक्रमाआधी आम्ही दोघं एस्टी स्टँडवर चहा प्यायला गेलो. गणपत खुशीत होता. चहा निम्मा झाल्यावर तो म्हणाला, "एक सांगू का भाऊ? बाभुळगावले तार माह्या हाताखाली बोलून राह्यली होती. कांडीतून समजते ना. हात बरोबर हाये अन् आवाज मधातच कुठी तरी मरून राह्यला, हे मले तवाच समजलं होतं."

मी कप खाली ठेवला. "मग मास्तरांपुढं बोलला काहून नाही?"

"बोटतुट्यानं म्हटलं असतं, हात बरोबर हाये, तर कोणं ऐकलं असतं? ते तुमीच म्हणायले पाह्यजे होतं." त्यानं उरलेला चहा एका घोटात संपवला. "तुमी तांड्यावर आले, तवा वाटलं, आता म्हणतील. याडीनं तर तुमच्यासाठी भाकरी टाकता टाकता मले दोनदा इचारलं, म्हणाले का रे?"